देवाची आज्ञा देव्हाऱ्यांत कीं बांधावर?

आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींच्या घरांत देवाचें नांव दिवसांतून किती वेळां निघतें, हें मोजूं गेल्यास हातापायांचीं बोटें पुरणार नाहींत. सकाळीं दिवा लावतांना देव, पेरणीची मूठ धरतांना देव, दुकानाची फळी उघडतांना देव, ठेंच लागली तरी देव, आणि कोर्टाची तारीख असली म्हणजे तर सर्वांच्या आधीं देव! एकादशी, सोमवार, चतुर्थी कोणास आठवून द्यावी लागत नाहीं. वारीच्या वाटेवर पाय सोलले तरी म्हातारी माणसें मागें फिरत नाहींत. ही भक्ति खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं, व कोणी म्हटल्यास आम्हांस तें खपणार नाहीं. परंतु ज्या धन्याचें नांव आपण इतक्या वेळां घेतों, त्याचें आपण ऐकतों काय, हा प्रश्न आज विचारल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. गड्यानें दिवसभर धन्याचे पाय चेपले आणि धन्यानें सांगितलें असतांही पिकास पाणी दिलें नाहीं, तर संध्याकाळीं धनी त्यास शाबासकी देईल, कीं दुसरा गडी पाहील? आपल्या गड्याकडून जी चाकरी आपणांस चालत नाहीं, ती देवास चालते असें आपण कशावरून ठरविलें?

आतां देवाच्या आज्ञा कोणत्या, व त्या कोठें लिहिल्या आहेत? शेंकडों वर्षें आमच्या वाडवडिलांस असें सांगण्यांत आलें कीं, त्या पोथींत आहेत, पोथी संस्कृतांत आहे, ती तुम्हांस वाचतां येत नाहीं व वाचण्याचा अधिकारही नाहीं. तेव्हां आम्ही सांगूं ती आज्ञा, आणि आम्ही मागूं ती दक्षिणा. या जाळ्यांतून बहुजन समाजास सोडविण्यासाठीं जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला. लेंकरास आईबापांस हांक मारण्यास दलाल लागत नाहीं, तसा देवास भजण्यासही लागत नाहीं, हें त्या समाजाचें मुख्य सांगणें. पुढें १८८८ सालीं पक्षाघातानें त्यांचा उजवा हात निकामी झाला. तेव्हां त्यांनीं डाव्या हातांत लेखणी धरली व ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हें पुस्तक लिहिलें. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते वारले, व पुस्तक १८९१ सालीं छापून बाहेर पडलें. त्यांत त्यांनीं देवास ‘निर्मिक’ म्हटलें आहे, म्हणजे घडविणारा. कुंभाराच्या, सुताराच्या, विणकराच्या घरांत हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. ज्यानें घडविलें त्यानें सर्व स्त्रीपुरुषांस सारखेच हक्क दिले. तेव्हां कोणीं कोणाचा हक्क न बुडवितां, कोणावर जुलूम न करितां, खरें बोलून व कष्ट करून खावें, हेंच त्याचें भजन, असा त्या पुस्तकाचा सारांश आहे. फुलें, नैवेद्य, नामस्मरण, अनुष्ठान यांची त्यांत एकेक करून झडती घेतली आहे, आणि त्यांच्या जागीं वागणूक बसविली आहे.

येथवर आमचे बहुतेक वाचक मान डोलावतील. भटभिक्षुकांचें नांव निघालें कीं मान डोलावणें फार सोपें असतें. परंतु यांतून जें पुढें निघतें तें तितकें गोड नाहीं. मध्यस्थ होता तोंवर एक सोय होती. पाप करावें, दक्षिणा द्यावी, हात धुवावे आणि मोकळें व्हावें. मध्यस्थ गेला म्हणजे ती सोयही गेली. आतां वही सरळ निर्मिकापुढें उघडी आहे; मधें कोणी नाहीं, म्हणून सबबही नाहीं. लग्नांतून भटजींस वगळलें, पण वागणूक होती तशीच ठेवली, तर आपण सत्याचे शोधक झालों नाहीं. दक्षिणा तेवढी वांचविली. म्हणून आज आम्ही दुसऱ्याच्या दाराकडे बोट न दाखवितां आपल्याच शिवारांत शिरणार आहों.

पहिली आज्ञा बांधावर पहावी. दुसऱ्याचें घेऊं नये, ही आज्ञा सर्व धर्मांत आहे आणि गांवांतल्या पोरासोरांसही ती पाठ आहे. रात्रीं शेजाऱ्याच्या खळ्यावरून पोतें उचलणाऱ्यास आपण चोर म्हणतों. परंतु नांगरतांना बांधाच्या अंगास नांगराचें एक तास जास्त मारणाऱ्यास काय म्हणतों? त्यास आपण हुशार म्हणतों! हिशेब करून पहा. बांध ६६० फूट लांब आहे व दर वर्षीं अर्धा फूट कोरला, तर वर्षाला ३३० चौरस फूट जमीन तिकडची इकडे झाली. दहा वर्षांत ३,३०० चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेव्हां दहा वर्षांत तीन गुंठ्यांहून कांकणभर अधिकच जमीन गिळली गेली, आणि चोरी झाली असें एकाही दिवशीं कोणास दिसलें नाहीं! ज्या विधवेची सारी जमीन एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे, तिच्या ताटांतला हा घांस आहे. मजुरीसाठीं परगांवीं गेलेल्या भावाचा हा घांस आहे. पुढें मोजणी येते, हद्दीचा दगड सांपडत नाहीं, काठ्या निघतात, डोकीं फुटतात, आणि तीन गुंठ्यांपायीं तीस गुंठे कोर्टकचेरींत जातात. मग दोन्ही पक्ष एकाच देवास नवस बोलतात कीं, निकाल माझ्या बाजूनें होऊं दे. देवानें आपला निकाल आधींच सांगून ठेवलेला असतो. दुसऱ्याचें घेऊं नको, हाच तो निकाल. पाणंदीची व शिवरस्त्याची तीच गत. दोन्ही बाजूंचे शेजारी तो थोडाथोडा खातात, आणि पावसाळ्यांत बाळंतीण बाहेर काढण्याची वेळ आली म्हणजे रस्ता नाहीं म्हणून सरकारास शिव्या देतात. कुंपणानेंच शेत खाल्ल्यावर राखण कोणीं करावी?

दुसरी आज्ञा मापाची. व्यापारी काट्यांत मारतो, पोत्यामागें कटती लावतो, ही आमची ओरड खरी आहे, व तिच्यासाठीं भांडलेंच पाहिजे. परंतु बाजारांत ज्या तोंडानें आपण काटा तपासा म्हणतों, त्याच तोंडानें सकाळीं घरांत दुधाच्या कॅनींत तांब्याभर पाणी ओतावयास सांगतों. पोत्याच्या तोंडाशीं चांगला कांदा व मधें सडका भरतों. सुतार ओलें लाकूड वाळलेलें म्हणून विकतो, गवंडी सिमेंटची पाटी वाचवितो, शिंपी गिऱ्हाइकाच्या कापडाचा तुकडा लपवितो. डेअरींतलें यंत्र दुधांतलें पाणी धरील तरी. परंतु घरोघर घातलेलें दूध ज्या तान्ह्या मुलाच्या पोटांत जातें, त्याच्यापाशीं यंत्र नसतें. व्यापाऱ्याचें खोटें माप म्हणजे जुलूम आणि आपलें खोटें माप म्हणजे परिस्थिति, असा दुहेरी न्याय निर्मिकाच्या दरबारीं नाहीं. तेथें सर्वांस एकच तराजू.

या ठिकाणीं आमच्या तुकोबांची आठवण होते. देहूच्या कुणब्याच्या घरांत जन्मलेला हा पुरुष. घरांत दुकानदारी होती व सावकारीही होती. १६३० च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला, माणसें अन्नावांचून मेलीं. त्यानंतर त्यांनीं लोकांकडील येण्याचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं, अशी परंपरेनें चालत आलेली हकीकत आहे. त्यांतील एक बारकावा फार मोलाचा आहे. खतांचे दोन वांटे झाले; धाकट्या भावाचा वांटा भावास दिला आणि तुकोबांनीं बुडविला तो फक्त आपला. दुसऱ्याच्या हक्कावर उदार होणें हें देखील बुडविणेंच होय, हें त्या सत्पुरुषास ठाऊक होतें. आपण त्यांचे अभंग टाळ कुटून म्हणतों. परंतु हिशेबाची वही उघडून नदीकडे निघालेले तुकोबा आपणांस किती वेळां आठवतात? अरणच्या सांवता माळ्यांविषयींही अशीच ख्याति आहे कीं, मळा सोडून ते पंढरीस गेले नाहींत. मळ्यांतच त्यांस देव सांपडला. हे आमच्याच कष्टकरी जातींतले लोक. त्यांचा देव कामाच्या जागीं होता, कारण देवाचें म्हणणें ते कामाच्या जागीं ऐकत होते.

तिसरी आज्ञा मजुरीची. मजुराचें देणें अडकवूं नये, हें यहुदी, ख्रिस्ती व मुसलमान या तिन्ही धर्मांत स्पष्ट सांगितलें आहे, आणि आमच्या म्हाताऱ्या माणसांनीं तें कोणतेंही शास्त्र न वाचतां सांगितलें आहे. तरी ‘आज सुटे नाहींत’, ‘बाजारच्या दिवशीं ये’, ‘कारखान्याचें बिल निघूं दे’ हीं उत्तरें आमच्या ओट्यांवरून रोज ऐकूं येतात. सुटे नसतील, पण ज्या बाईनें दिवसभर वाकून खुरपलें, तिच्या घरीं पीठ तरी कोठून सुटें असणार? शिवाय तिची मजुरी गड्याहून कमी! १९७६ सालीं समान कामास समान वेतनाचा कायदा झाला. परंतु सरी तीच, ऊन तेंच, तण तेंच, आणि दाम मात्र बाईस वेगळा, हा प्रकार अजून कित्येक गांवांत राजरोस चालतो. बाईच्या खुरप्याखालचें तण अर्धेंच मरतें काय? आणि जेथें अजून मजुराच्या जातीप्रमाणें चहाचा पेला वेगळा ठेवला जातो, तेथें तर आमची मान खालीं जाते. जोतीरावांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्या गोष्टीस दीडशेंहून अधिक वर्षें झालीं. आपल्या घरचा पेला अजून खुला होत नसेल, तर जोतीरावांच्या तसबिरीस हार घालण्याचा आपणांस काय अधिकार?

चौथी आज्ञा सर्वांत जड आहे, आणि ती आपल्या उंबऱ्याच्या आंत आहे. ती म्हणजे बहिणीचा वांटा. निर्मिकानें स्त्री व पुरुष यांस सारखे हक्क दिले, हें वाक्य सभेंत टाळ्या घेतें. सात-बाराच्या उताऱ्यापाशीं आलें कीं तेंच वाक्य घशांत अडकतें. महाराष्ट्रांत १९९४ सालच्या दुरुस्तीनें त्या वेळीं लग्न न झालेल्या मुलींस, व देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींस, हिंदु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या तारखेस बाप हयात होता कीं नव्हता यावर तो हक्क अवलंबून नाहीं, असें ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही स्पष्ट केलें. कायदा असा आहे. आणि घरांत काय चालतें? बाप वारला, तेरावा झाला, कीं भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या दारीं येतो. ‘ताई, नांव लावावयाचें आहे, एक सही लागते,’ एवढेंच सांगतो. कचेरींत ती बोट दाखवील तेथें सही करते, साडीचोळी घेऊन परत जाते, आणि त्या कागदास हक्कसोडपत्र म्हणतात हें तिला कित्येकदां मागाहून कळतें. बोलली तर माहेर तुटतें, म्हणून ती बोलत नाहीं. राखीपौर्णिमेस जिच्या हातून धागा बांधून घ्यावयाचा, तिच्याच हातून ही सही काढावयाची!

प्रत्येक भाऊ लबाड असतो असें आमचें म्हणणें नाहीं. आईबापांचें दुखणेंखुपणें त्यानें काढलेलें असतें, सोसायटीचें कर्ज त्याच्या डोक्यावर असतें, आणि चार एकरांचे पांच तुकडे झाले तर कोणाचेंच पोट भरणार नाहीं, ही त्याची भीतीही खोटी नाहीं. कित्येक बहिणी हें सारें जाणून आनंदानें हक्क सोडतातही. परंतु आनंद आधीं विचारावा लागतो. सही घेऊन मग तो गृहीत धरावयाचा नसतो. कर्ज असेल तर वही तिच्यापुढें ठेवावी. जमीन तुटूं द्यावयाची नसेल तर मोबदला ठरवावा. आईचा सांभाळ कोणीं किती करावयाचा, हेंही त्याच बैठकींत बोलावें, कारण हक्काबरोबर जबाबदारीही येते. इतकें झाल्यावर ती ‘दादा, राहूं दे तुलाच’ म्हणाली, तर ती तिची देणगी. न सांगतां घेतलें तर तें बांध कोरणेंच; फरक इतकाच कीं, येथें शेजारी परका नाहीं.

आतां आमच्यावर तीन आक्षेप येतील. पहिला असा कीं, सगळेच असें करतात, मीं एकट्यानें आज्ञा पाळून काय होणार? याचें उत्तर आम्हीं देण्यापेक्षां १८९७ सालच्या प्लेगांत पहावें. लोक गांवें सोडून पळत होते. सावित्रीबाईंचें वय तेव्हां साठीच्या पुढें होतें, जोतीराव जाऊन सहा वर्षें झालीं होतीं, त्यांस कोणी बोलावलें नव्हतें. त्या रोग्यांच्या सेवेस गेल्या, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं वारल्या. सगळे काय करतात हें पाहून त्या निघाल्या असत्या, तर पळणाऱ्यांबरोबर निघाल्या असत्या. देवाची आज्ञा एकेकट्यासच होते. ती बहुमतानें ठरत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, धर्मानें वागणें पोट भरलेल्यांस शोभतें, गरिबास तें परवडत नाहीं. हा आक्षेप ऐकून आमचें मन दुखतें, कारण कर्ज, नापिकी व पडते भाव यांनीं कष्टकऱ्याची काय दशा केली आहे हें आम्हांस दिसतें. परंतु थोडा विचार करा. बांधाचा कायदा नसला तर कोणाचा बांध सरकेल? मापाचा धर्म नसला तर कोण जास्त लुबाडला जाईल? बळवंतास आज्ञांची गरज नाहीं. त्याच्याकडे पैसा आहे, माणसें आहेत, वकील आहे. दुबळ्याच्या भोंवतीं एकच कुंपण आहे, आणि तें म्हणजे आज्ञा. तें कुंपण आपल्याच हातांनीं मोडून आपण उद्यां मोठ्याच्या बैलास कोणत्या तोंडानें हांकलणार? जुलमाविरुद्ध उभें राहणाऱ्याचे हात स्वच्छ असावे लागतात. त्याचें कारण केवळ नीति नव्हे. हात मळलेले असले म्हणजे समोरचा पहिलें बोट त्यांकडेच दाखवितो, आणि खरा खटला हरतो.

तिसरा आक्षेप पंडितांचा. देवाच्या आज्ञा म्हणजे कोणत्या धर्माच्या? जोतीरावांनीं त्याच पुस्तकांत एक कुटुंब कल्पिलें आहे. त्यांत बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान व मुलगा सत्यधर्मी. आणि सर्वांनीं एकमेकांचा द्वेष न करितां एका घरांत गोडीनें नांदावें, असें त्यांचें सांगणें आहे. ज्यास एवढें समजलें त्यास आज्ञा कोणत्या पोथींतली, हा वाद करण्याची गरज उरत नाहीं. खोटें माप कोणत्याही धर्मांत खरें होत नाहीं.

म्हणून आमची वाचकांस हात जोडून विनंति आहे कीं, पुढील अंक हातीं येण्यापूर्वीं चार कामें करावीं. शेजाऱ्यास बोलावून बांधावर दोरी धरावी, आणि आपल्याकडे जें जास्त आलें असेल तें भांडणावांचून परत करावें. आपला काटा दुसऱ्याच्या वजनानें एकदां तपासावा. ज्याची मजुरी थकली असेल त्याच्या घरीं स्वतः जाऊन ती द्यावी. त्यास आपल्या ओट्यावर हेलपाटे घालूं देऊं नयेत. आणि घरांत हक्कसोडपत्राचा कागद तयार होत असेल, तर बहिणीस सन्मानानें बसवून तो तिच्यासमोर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानें वाचावा. ती स्वतः वाचती असेल तर तिच्या हातांत द्यावा, आणि विचार करण्यास तिला आठ दिवस द्यावे.

यास पैसा फारसा लागत नाहीं, मुहूर्त लागत नाहीं, भटजी लागत नाहीं. लागते ती थोडी हिंमत. हीं चार कामें झाल्यावर मग संध्याकाळीं देव्हाऱ्यांत दिवा लावावा. दिव्यास आमची हरकत नाहीं.